वाईट बातमी वर नेणारा

राजेंद्र नगर म्हटलं की इंदूरच्या मराठी माणसाला गणेशोत्सव आठवतो, नाटकांचे प्रयोग आठवतात, अलीकडे लता मंगेशकर यांच्या नावाचं सभागृह आठवतं. दूरच्या गावांतल्या काही मुलांना मात्र ही वसाहत निराळ्याच कारणाने ठाऊक असते. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या आयपीएस अकॅडमीच्या पत्त्यात राजेंद्र नगर येतं आणि तिथे ‘फायर टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी इंजिनिअरिंग’ या विषयातली अभियांत्रिकीची पदवी मिळते. आग आणि अपघात हाच मुख्य विषय मानून पूर्ण पदवी देणाऱ्या संस्था आपल्या देशात थोड्याच आहेत. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही त्यांतली जुनी आणि मानाची संस्था.

ही मुलं पुढे रिफायनरीत जातात, वीजकेंद्रांत जातात, औषधांच्या कारखान्यांत, मेट्रोच्या बांधकामांवर, आखातात. घरची माणसं विचारतात ते साहजिक आहे: सेफ्टीत पुढे काय? नोकरीपुरतं उत्तर अवघड नाही, कारण हे पद कायद्यानेच निर्माण केलं आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली कलम ४०-ब घातलं गेलं आणि हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणं मालकावर बंधनकारक झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या नव्या संहितेने ही मर्यादा ५०० कामगारांवर आणली, धोकादायक प्रक्रिया चालते तिथे २५० वर. म्हणजे जागा वाढणार. पदवीनंतर औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा, मुंबईत शीवला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये तो मिळाला तर उत्तम. आखातात जायचं असेल तर ब्रिटनच्या नेबॉश या संस्थेचं प्रमाणपत्र. हा मार्ग पोरांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मला बोलायचंय ते त्या मार्गाने जाऊन खुर्चीवर बसल्यानंतरच्या कामाबद्दल.

कुठल्याही मोठ्या अपघाताची चौकशी वाचली की एक गोष्ट हटकून सापडते. खाली कुणाला तरी ते आधीच माहीत होतं. पंपाचा आवाज बदलला होता हे ऑपरेटरला माहीत होतं, व्हॉल्व्ह गळतो हे फिटरला माहीत होतं, काम सुरू करण्याच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, सही आधी होते आणि तपासणी नंतर, हे सगळ्या शिफ्टला माहीत होतं. ज्याच्या हातात यंत्र थांबवण्याचा अधिकार होता त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही, किंवा पोचलं आणि त्याने ऐकलं नाही. सुरक्षा अधिकारी हा माझ्या मते हेल्मेट वाटणारा माणूस नव्हे आणि रजिस्टर भरणाराही नव्हे. कारखान्यातली वाईट बातमी ती वर्तमानपत्रात येण्याआधी वर नेणं हे त्याचं काम. बाकी सगळं शास्त्र त्या कामासाठी आहे.

या शास्त्राचा आरंभही एका कामगाराने सांगितलेल्या वाईट बातमीतूनच झाला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्डिनो रामात्सिनी नावाचा वैद्य होता. त्याच्या घरचा मैल्याचा खड्डा उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांताने घाई करताना त्याला दिसला. एवढी घाई कशाला, असं त्याने विचारलं. त्या माणसाने वर बघून सांगितलं की इथे चार तासांहून जास्त वेळ काढणं म्हणजे काय हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही, माणूस आंधळा होतो. रामात्सिनीने त्याचे डोळे तपासले, ते लाल आणि धुरकट झाले होते. मग तो गावातल्या इतर सफाईवाल्यांकडे गेला. मग कुंभारांकडे, आरसे बनवणाऱ्यांकडे, छापखान्यांत. १७०० साली त्याचं कामकऱ्यांच्या रोगांवरचं पुस्तक निघालं. हिपोक्रेटिसच्या परंपरेत वैद्याने रोग्याला विचारायचे प्रश्न ठरलेले होते. रामात्सिनीने त्यांत एकाची भर घातली: तू काम काय करतोस? आणि हेही सांगितलं की गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने साध्या तिवईवर बसावं आणि घाई करू नये.

त्या खड्ड्यातल्या वायूला आपण आज हायड्रोजन सल्फाइड म्हणतो. त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. सेफ्टीच्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच शिकवलं जातं. गटारात उतरणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं तो समजतो. तो पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्याकडच्या मॅनहोलमधल्या मृत्यूंच्या बातम्यांत मृतांचा आकडा एकावर क्वचितच थांबतो, त्याचं कारण हे. २०१३ साली अशा कामावर बंदी घालणारा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. माणसं अजूनही उतरवली जातात. स्वच्छतेत देशात पहिलं येण्याचा मान वर्षानुवर्षं मिळवणाऱ्या आमच्या शहराने या गोष्टीचा विचार इतरांपेक्षा जास्त करायला हवा, कारण स्वच्छता करणारे हात कुणाचे आहेत हे इथल्या माणसाला रोज सकाळी दिसतं.

रामात्सिनीचा प्रश्न विचारला गेला नाही की काय होतं याचा दाखला शोधायला इंदूरहून लांब जावं लागत नाही. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनत. माझ्या पिढीतल्या मुलांनी पहिलं अक्षर त्या पेन्सिलीने गिरवलं. विजेच्या गोल करवतीवर पेन्सिलीचा दगड कापला जाई आणि त्या दगडात सिलिका भरपूर. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि ती परत निघत नाही. फुप्फुस हळूहळू दगडासारखं होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस झालेला आढळला. माणसं तिशी-पस्तिशीत जात होती. मध्य प्रदेश सरकारने १९८२ मध्ये या कामगारांच्या कल्याण निधीसाठी वेगळा कायदा केला. म्हणजे बातमी अखेर वर पोचली, पण ती घेऊन जाणारी माणसं जिवंत राहिली नव्हती. मृत्यूंचा आकडाच ती बातमी झाला.

पुढे तेच झाबुआ, अलिराजपूर आणि धार जिल्ह्यांतल्या आदिवासींच्या वाट्याला आलं. ही माणसं गुजरातेत गोध्रा, बालासिनोर भागात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला जात. परत आली ती खोकत. त्यांना क्षयाची औषधं दिली गेली, कारण आदिवासी माणूस, सुकलेला, खोकणारा, म्हणजे क्षयच असणार, असं गृहीत धरलेलं होतं. काम काय करत होतास, कुठे, किती महिने, तोंडावर काय बांधत होतास, हे विचारलं असतं तर उत्तर तिथेच होतं. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. ते पैसे हाती पडायला २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. या प्रकरणातली खरी मेहनत गावोगाव फिरून नावं लिहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांची. त्यांच्यापाशी सेफ्टीची पदवी नव्हती. पण मी वर ज्याला सुरक्षा अधिकाऱ्याचं काम म्हटलं ते त्यांनी केलं.

मराठी माणसाला या कामाची परंपरा परकी नाही. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या मांडवीतल्या एका गिरणीत भांडारपाल होते, म्हणजे गिरणी आतून पाहिलेला माणूस. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. त्याने लहान मुलांच्या कामाचे तास ठरवले आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं, पण मोठ्या माणसाच्या तासांना हातही लावला नाही. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंडेंच्या पुढाकाराने परळला कामगार जमले आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असते. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, ती कुणी फारशी सांगत नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा हिंदुस्थानात आला १९२३ मध्ये. परळच्या मैदानातून दिल्लीच्या कायदेमंडळापर्यंत एक मागणी जायला एकोणचाळीस वर्षं लागली. मधल्या काळात यंत्रांच्या पट्ट्यात किती हात गेले याची नोंद कोण ठेवणार?

राजेंद्र नगर स्टेशनवरून पुढे जाणारी गाडी राऊ ओलांडून महूला जाते. त्या स्टेशनाला आता डॉ. आंबेडकर नगर म्हणतात. बाबासाहेबांचा जन्म तिथला, १८९१ चा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण त्याच खात्यात १९४५ साली ‘चीफ अॅडव्हायझर ऑफ फॅक्टरीज’ हे कार्यालय उभं राहिलं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. आज मुंबईतून चालणारी केंद्र सरकारची कारखाना सल्ला व सुरक्षा यंत्रणा त्याचंच वाढलेलं रूप आहे, आणि शीवची ती इन्स्टिट्यूट तिचाच भाग. महूच्या गाडीने कॉलेजला येणाऱ्या मुलाने ज्या डिप्लोम्याचं स्वप्न पाहायचं, त्याची मुळं महूत जन्मलेल्या माणसाच्या खात्यापर्यंत जातात. मला या जुळणीचं अप्रूप वाटतं.

भोपाळचा विषय टाळून मध्य प्रदेशात सेफ्टीवर लिहिता येत नाही. २ डिसेंबर १९८४ ची रात्र आणि त्यानंतरची पहाट. युनियन कार्बाइडचा कारखाना, टाकी क्रमांक ६१०, तिच्यातला सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, त्यात शिरलेलं पाणी. टाकीतलं रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर तयार स्थितीत नाही. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सुटा केलेला. हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं, परीक्षेत विचारलं जातं आणि मुलं ते पाठ करतात. मी भोपाळचं वाचतो तेव्हा माझं लक्ष टाकीपेक्षा निरोपांच्या प्रवासाकडे जातं.

१९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एक कामगार मेला. राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार त्याला ओळखत होता. तो शोधाला लागला, आणि १९८२ मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकात त्याने हे शहर ज्वालामुखीवर बसलं आहे असा इशारा पुन्हापुन्हा दिला. त्याच वर्षी अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्या स्वतःच्या पथकाने त्रुटींची लांब यादी लिहून दिली. कामगार संघटनांनी तक्रारी केल्या. पुढच्या दोन वर्षांत खर्च कमी करायचा म्हणून माणसं घटवली गेली, प्रशिक्षण आखडलं, अनुभवी माणसं सोडून गेली. आणि त्या शेवटच्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती कळण्याचं त्यांचं साधन तेच होतं, स्वतःचे डोळे. त्यांनी वरिष्ठाला सांगितलं. गळती शोधायचं काम चहाच्या सुट्टीनंतर करायचं ठरलं. त्या वरिष्ठाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. डोळे चुरचुरणं तिथे इतकं नेहमीचं झालं होतं की ती बातमी राहिलीच नव्हती. रोजची झालेली वाईट बातमी ऐकू येत नाही, आणि ती पुन्हा ऐकू यायला लावणं हे या व्यवसायातलं सर्वांत कठीण कौशल्य आहे. ते कुठल्याही सेमिस्टरमध्ये शिकवलेलं मी पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट. संयंत्राच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि त्या वाचून चालवणाऱ्यांतल्या अनेकांना इंग्रजी जेमतेम येत होतं. भिंतीपलीकडच्या वस्त्यांना तर कुठल्याच भाषेत काही सांगितलेलं नव्हतं. बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या दिशेने धावू नका, एवढी दोन वाक्यं लोकांना आधी माहीत असती तर काही जीव वाचले असते.

भोपाळनंतर कायदा बदलला, आणि तो बदल वाचताना कायदा करणाऱ्यांनाही निरोपांचाच प्रश्न दिसला होता असं मला वाटतं. कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांवरचं नवं प्रकरण आलं. कलम ४१-ब: कारखान्यात काय धोका आहे हे मालकाने कामगारांना, निरीक्षकाला आणि आसपासच्या लोकांनाही सांगितलं पाहिजे. कलम ४१-ह: जिवावर बेतेल असं कामगाराला रास्तपणे वाटलं तर तो थेट वरिष्ठाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. आणि ‘ऑक्युपायर’, म्हणजे कारखान्याचा ताबा असलेला माणूस, कोण, याची व्याख्या अशी केली की कंपनीच्या बाबतीत संचालकच जबाबदार. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. खालच्या एखाद्या मॅनेजरचं नाव पुढे करून संचालकांना सुटता येणार नाही. बातमी वर जावी म्हणून आधी जबाबदारी वर नेऊन ठेवली.

सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाचे नियम राज्यांनी केले. महाराष्ट्राचे १९८२ चे नियम पदवीधर मुलांनी नोकरीच्या करारावर सही करण्याआधी वाचावेत. त्यांत तीन अटी आहेत. हा अधिकारी थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली असावा आणि त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा असावा. त्याच्या कर्तव्याला मारक असं दुसरं काम त्याला देऊ नये. आणि कामगारांतल्या बहुसंख्यांची भाषा त्याला पुरेशी आली पाहिजे. अभियांत्रिकीची पदवी, अनुभवाची वर्षं, डिप्लोमा यांच्या रांगेत, त्यांच्याच बरोबरीने, भाषा. हे कलम ज्याने कुणी लिहिलं त्याला कारखाना कळला होता. पहिली अट बातमी वर पोचावी म्हणून, तिसरी ती मुळात हाती यावी म्हणून. मधली यासाठी, की ती वाहून नेणाऱ्याला सवड असावी.

प्रत्यक्षात या तिन्ही अटींचं काय होतं ते या धंद्यातल्या माणसांना विचारा. सेफ्टीवाला प्रॉडक्शनच्या हाताखाली असतो, त्याच्याकडे कँटीन आणि बसचं काम दिलेलं असतं, आणि टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, तो मोबाइलवरच्या इंग्रजी मजकुराकडे बघत उरकतो. दारात एक फलक असतो, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारा. या फलकाबद्दल माझं मत वाईट आहे. आकडा तुटू नये म्हणून बोट कापलेल्या ठेका मजुराला मागच्या दाराने खासगी दवाखान्यात नेलं जातं आणि हजेरीवर सुट्टी लागते. ज्या कारखान्यात वर्षभर एकही नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, नोंदला जात नाही, तिथे नव्या सुरक्षा अधिकाऱ्याने खूश होऊ नये. तिथे कुणी त्याला काही सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुस्तकांतही हा दोष शिरलेला आहे. हर्बर्ट हाइनरिख हा अमेरिकेतल्या विमा कंपनीतला माणूस. १९३१ च्या त्याच्या पुस्तकातला त्रिकोण जगभरच्या सेफ्टीच्या वर्गांत शिकवतात: एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० इजा न झालेले प्रसंग. त्याचं दुसरं विधान त्याहून जास्त पसरलं, की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित वागण्याने होतात. त्याने हे कुठून काढलं? विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखानदारांकडच्या अहवालांवरून. ते कागद आज कुणालाही पडताळता येत नाहीत. अहवाल वरच्याने लिहिला तर चूक खालच्याची निघणार, हे समजायला संशोधक व्हावं लागत नाही. माझ्या मनात हाइनरिखच्या शेजारी ट्रेव्हर क्लेट्झ उभा राहतो. हा ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतला रसायनतज्ज्ञ. त्याचं म्हणणं असं, की जे साठवलंच नाही ते गळत नाही. मिथाइल आयसोसायनेट हे कीटकनाशक बनवतानाचं मधलं रसायन होतं. ते टनावारी साठवून ठेवणं सोयीचं होतं, अपरिहार्य नव्हतं. हेल्मेट आणि बूट हा बचावाचा शेवटचा उपाय, धोका मुळातून काढून टाकणं हा पहिला, हे प्रत्येक विद्यार्थी लिहितो. पण पहिला उपाय सुचवायचा तर डिझाइन ठरत असताना त्या खोलीत बसायला मिळावं लागतं. बूट वाटायला कुणीही बोलावतं.

२०२५ च्या जानेवारीत भोपाळ पुन्हा आमच्या दाराशी आलं. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून पोलीस बंदोबस्तात पीथमपूरला आणला गेला. पीथमपूर म्हणजे राजेंद्र नगरच्या कित्येक घरांची रोजीरोटी. सकाळी कंपन्यांच्या बसेस राऊवरून तिकडेच वळतात. लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. मग न्यायालयाने लोकांना समजावून सांगण्यासाठी सरकारला सहा आठवडे दिले. फेब्रुवारीअखेर दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या सुरू झाल्या आणि जूनअखेर सगळा कचरा जाळून झाला. तो जाळणं तांत्रिकदृष्ट्या योग्य होतं की नाही यावर जाणकारांची दोन मतं आहेत. पण क्रमाकडे पाहा: आधी कंटेनर आले, मग समजावणं. ४१-ब कलम लिहिलं गेलं त्याला अडतीस वर्षं होत आली होती, आणि ते ज्या दुर्घटनेमुळे लिहिलं गेलं तिचाच कचरा हलवताना आसपासच्या माणसाला सांगायचं राहून गेलं. त्या दिवसांत पीथमपूरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून डायऑक्सिन म्हणजे काय, भट्टीचं तापमान किती, राख कुठे जाणार, हे निमाडी-माळवीत सांगू शकणारे दहा-वीस इंजिनिअर असते तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला राहूनराहून वाटतं. लोक कदाचित तरीही नाही म्हणाले असते. तोही त्यांचा अधिकार होता, पण मग ते ‘नाही’ माहितीतून आलेलं असतं.

इथल्या मराठी मुलामुलींजवळ एक गोष्ट आहे जिची किंमत त्यांना ठाऊक नसते. घरात मराठी, रस्त्यावर इंदुरी हिंदी, कॉलेजात इंग्रजी, आणि शेजारपाजारच्यांकडून कानावर पडलेली माळवी, निमाडी. ‘साहब, पंप कुछ अलग आवाज कर रिया है’ हे वाक्य ज्याच्यापाशी सहज बोललं जातं, तो माणूस कारखान्यात अर्धी लढाई जिंकलेला असतो. भिली आणि भिलाली मात्र आमच्या मुलांना येत नाहीत, आणि ठेकेदाराकडच्या मजुरांत आदिवासी पुष्कळ. पुण्याच्या क्लासमध्ये आणखी एक प्रमाणपत्र घेण्यापेक्षा सहा महिने भिलाली शिकलेला सुरक्षा अधिकारी मी जास्त तयारीचा मानेन. खालच्या भाषेइतकीच वरची भाषाही लागते. संचालकांपुढे जाऊन ‘कामगार घाबरतात’ म्हणून चालत नाही. व्हॉल्व्ह बदलायला किती खर्च, दोन दिवस प्लांट बंद ठेवला तर किती तोटा, न ठेवला तर कलम कुठलं आणि कुणाच्या नावावर, हे त्याला मांडता यावं लागतं. खालून तक्रार म्हणून आलेलं वर निर्णयाच्या रूपात न्यायचं असतं. त्यासाठी शिक्षण लागतं, आणि चार वर्षांच्या पदवीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

नोकरी जाण्याची भीती या कामात खरी आहे. तिला हलकं लेखून तरुणांना उपदेश करणं मला जमणार नाही. ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्यालाच थांबा म्हणायचं, हा पेच या पदाच्या रचनेतच आहे. लेखापरीक्षकाचा पेच असाच असतो, पण त्याच्या पाठीशी त्याच्या व्यवसायाची वैधानिक संस्था असते. सुरक्षा अधिकाऱ्याची अशी संस्था आपल्याकडे नाही. ती झाली पाहिजे: नोंदणी करणारी, परवाना देणारी, आणि परमिटवर सही नाकारली म्हणून काढून टाकलेल्या माणसाच्या मागे उभी राहणारी.

आणि जिथे पदच नाही तिथलं काय? नव्या संहितेने विजेवर चालणाऱ्या युनिटला कारखाना म्हणण्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली, विजेविना चालणाऱ्याला २० वरून ४० वर. सांवेर रोड, पोलो ग्राउंड, पालदा इथल्या गल्ल्यांत अशी लहान युनिटं दाटीने आहेत. प्रेसवर बोटं जातात ती तिथे. प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालू नये अशी सोय करता येते, पण वेग वाढावा म्हणून एक बटण पट्टी लावून दाबून ठेवलं जातं, आणि हे मालकापासून पोऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अशा युनिटला सुरक्षा अधिकारी नेमणं परवडणार नाही हे मान्य. पण एका गल्लीतल्या पंधरा-वीस युनिटांनी मिळून एक ठेवला तर? उद्योजकांच्या संघटनेने त्याचा पगार द्यावा, म्हणजे तो कुणा एका मालकाच्या हातात राहणार नाही. राजेंद्र नगरातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी दरवर्षी चार-पाच जणांनी जरी आखाताऐवजी अशा गल्ल्यांची निवड केली, तरी सुरुवात होईल. पहिल्या वर्षी त्यांनी एवढंच करावं: रोज एका युनिटमध्ये जाऊन प्रेसशेजारी स्टूल टाकून बसावं, बटणावरची पट्टी का लावली ते चालवणाऱ्याला विचारावं, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून मालकाच्या टेबलावर ठेवावं.